पोळीला तोंडी लावणं करा: जेवण घरचंच, कार्ब्ज फक्त निम्मे

मागच्या वर्षी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी टेस्ट, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, म्हणजे पाहुणा अजून घरात आलेला नाही पण दारात चपला काढतोय. मला आधी पटेचना. आम्ही बाहेरचं जवळजवळ खातच नाही, पिझ्झा वगैरे वर्षातून दोनदा, कोल्ड्रिंक नाही, रोजचं आपलं साधं घरचं वरण भात भाजी पोळी, मग हे कुठून आलं? तर त्या साध्या घरच्यातूनच आलं होतं, फक्त मी कधी मोजून बघितलं नव्हतं.

त्यानंतर मी यूट्यूबवरचं कीटो (कार्ब्ज, म्हणजे पिष्ट आणि साखर, जवळजवळ बंद), बदामाच्या पिठाच्या पोळ्या, फ्लॉवर किसून त्याचा भात असले सगळे प्रकार करून बघितले. फ्लॉवरच्या भाताकडे सासूबाई बराच वेळ बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, "भाजी छान झालीये, भात कुठंय?" तो विषय तिथेच संपला. मग लक्षात आलं की आपल्याला वेगळं जेवण करायचं नाहीये, आहे तेच जेवण उलटं वाढायचंय. आपल्याकडे पोळी किंवा भाकरी म्हणजे जेवण आणि भाजी म्हणजे "तोंडी लावायला". हा शब्दच बघा ना. मुख्य काय आणि जोडीला काय ते त्या शब्दातच ठरलंय. मी ते फिरवलं, भाजी-उसळ-आमटी जेवण आणि पोळी तोंडी लावायला. बाकी खाली जे लिहिलंय ते सगळं हे एक वाक्य स्वयंपाकघरात उतरवताना काय काय अडचणी आल्या आणि त्या कशा सोडवल्या एवढंच आहे.

सुरू करायच्या आधी

हे वगळू नका प्लीज. डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील, खास करून ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या, किंवा इन्सुलिन घेत असाल, तर कार्ब्ज एकदम कमी केल्यावर शुगर धाडकन खाली जाऊ शकते कारण गोळीचा डोस तुमच्या जुन्या जेवणाच्या हिशोबाने ठरलेला असतो. तेव्हा आधी डॉक्टरांना सांगा की मी भात-पोळी निम्मी करणार आहे, डोस बदलायचा का. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या असतील तर कार्ब्ज फार कमी करणं धोक्याचं आहे, त्यात शुगर फार वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साठून जिवावर बेतणारी अवस्था, होऊ शकतो. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती घ्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि वाढत्या वयाची मुलं यांच्यावर हे प्रयोग नकोत. आणि घाम फुटला, हातपाय थरथरले, डोळ्यापुढे अंधारी आली तर डाएट गेलं खड्ड्यात, ३ चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, १५ मिनिटांनी परत शुगर बघायची.

पायरी १: पहिला आठवडा काही बदलू नका, फक्त मोजा

किचनचा छोटा वजनकाटा घ्या. महाग नसतो आणि नंतर केकला वगैरे उपयोगी पडतो. एक आठवडा नेहमीसारखंच जेवा, फक्त ताटात पडायच्या आधी वजन करा.

मी आधी कणकेचा उंडा मोजला. १०० ग्रॅम कणीक भिजवली की पाणी धरून साधारण १६० ग्रॅम गोळा होतो, म्हणजे ५० ग्रॅमच्या उंड्यात ३० ग्रॅम पीठ आणि त्यात २० ते २१ ग्रॅम कार्ब्ज. आमची घडीची पोळी बरोब्बर ५० ची निघाली. फुलका केला तर ३३-३५ ग्रॅमचा उंडा पुरतो, त्यात १४ ग्रॅम. नुसता घडीच्या पोळीवरून फुलक्यावर आलात तरी तिसरा हिस्सा वाचला, काही न सोडता.

मग भात. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात २८ ग्रॅम कार्ब्ज धरायचे. सासूबाई "अगदी चिमूटभर वाढते" म्हणून जो भात वाढतात तो मी हळूच काट्यावर ठेवला तर १९० ग्रॅम भरला. ५३ ग्रॅम कार्ब्ज त्या चिमटीत. आणि हा पहिला भात, शेवटचा ताकभात वेगळा.

माझा तेव्हाचा एक दिवस असा होता: दोन चहा दोन-दोन चमचे साखरेचे, २० ग्रॅम. बरोबर चार मारी बिस्किटं, १६. नाश्त्याला पोहे, कोरडे ६० ग्रॅम पोहे आणि त्यात बटाटा, ५० धरा. दुपारच्या डब्यात तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, आमटी आणि भात, हे १३० च्या आसपास. संध्याकाळी मूठ-दीड मूठ चिवडा, २०. रात्री दोन पोळ्या, आमटी, भात, ९५. बेरीज ३३० च्या वर. बरं यात गोड काही नाही, सणाचं काही नाही, साधा मंगळवार होता तो.

लो कार्ब म्हणजे किती याला साधारण रोज १३० ग्रॅमच्या आत असं धरतात, आणि कीटो म्हणजे २० ते ५० ग्रॅम. कीटोच्या वाटेला मी गेले नाही, कारण त्यात उसळ आणि आमटीसुद्धा बसत नाही आणि मग आपल्या घरात शिजणारं काही उरतच नाही. मी १४०-१५० चं टार्गेट ठेवलं. निम्म्याहून कमी झालं आणि ते टिकलं.

पायरी २: आधी चहा आणि बिस्किटं, कारण तिथे भांडण नाही

यावर फार बोलण्यासारखं नाही. दर आठवड्याला अर्धा चमचा साखर कमी करत गेले, महिन्याभरात बिनसाखरेचा दुधाचा चहा लागायला लागला. गूळ घालून चहा हा काही उपाय नाही, गुळातही बहुतेक सगळी साखरच असते, रंग वेगळा. बिस्किटं आणणंच बंद केलं. पहिले दहा दिवस चहा म्हणजे शिक्षा वाटते, नंतर दुसऱ्यांकडचा चहा पाकासारखा लागतो.

आमटीतला गुळाचा खडा मात्र मी सोडला नाही. चार माणसांच्या आमटीत ८ ग्रॅम गूळ म्हणजे माणशी २ ग्रॅम, त्याच्यावरून घरात वाद घालू नका, वाद मोठ्या गोष्टींसाठी राखून ठेवा.

पायरी ३: वाढायचा क्रम बदला

आपल्या पानाची पद्धत आठवा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, तीही चिमूट चिमूट. उजवीकडे भाजी, आमटी. आणि सुरुवात कशाने, तर वरणभात-तूप-लिंबू. मग पोळी-भाजी. शेवटी ताकभात. म्हणजे उपाशी पोटी पहिला घास भाताचा आणि जाता जाताही भातच. चवीच्या दृष्टीने हे अप्रतिम आहे, मला आजही वरणभाताचा पहिला घास म्हणजे सुख वाटतं, पण रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने याच्याइतका उलटा क्रम नाही. आधी भाजी, कोशिंबीर, डाळ-अंडं पोटात गेलं आणि भात-पोळी शेवटी आली तर जेवणानंतरची शुगर कमी चढते.

म्हणून आता मी असं करते: ताटात आधी वाटीभर कोशिंबीर आणि दोन डाव भाजी, ती नुसती खायला सुरुवात. निम्मी संपली की मग पोळी वाढून घ्यायची, एकच, आणि भात घेणार असाल तर अर्धीच. भात शेवटी, खावासा वाटला तर, एक मूद. मूद पाडायची वाटी छोटी घ्या, आमच्याकडे नैवेद्याची वाटी आहे, तिच्यात ६० ग्रॅम भात बसतो म्हणजे १७ ग्रॅम कार्ब्ज. त्यावर तूप घ्या खुशाल. गंमत म्हणजे पोट आधीच भरत आलेलं असतं त्यामुळे ती एक मूद पुरते, तीच मूद सुरुवातीला घेतली तर अजून दोन लागतात.

एकच गोष्ट नक्की करायची, पोळी आणि भात दोन्ही एका जेवणात नको. किंवा मग अर्धी-अर्धी. माझं माहेर साताऱ्याकडचं, भाकरीवालं, आणि सासर रत्नागिरीचं, भातवालं, आणि डोंबिवलीतल्या आमच्या घरात समेट म्हणून दोन्ही रोज होत होतं. समेटाची किंमत माझ्या रिपोर्टात आली.

पायरी ४: भाजी नुसती खाता येईल अशी करा

इथे बहुतेक लोक आपटतात, मीही आपटले. कारण आपली भाजी मुळात पोळीबरोबर खायची म्हणून बनवलेली असते. झुणका, ठेचा, भरली वांगी, सगळं मीठ-तिखट भाकरीच्या हिशोबाने. तीच भाजी वाटीभर नुसती खाल्ली तर घसा जळतो, पाणी पिऊन पोट फुगतं, आणि माणूस म्हणतो छे, पोळीशिवाय नाही जमत.

तेव्हा तीन गोष्टी बदलायच्या. मीठ-मसाला नेहमीच्या पाऊणपट. चार माणसांना पाव किलो भाजी असायची तिथे पाऊण किलो, पालेभाजी असेल तर आणखी जास्त कारण मेथीच्या दोन जुड्या कढईत डोंगराएवढ्या दिसतात आणि पाच मिनिटांत मूठभर उरतात. आणि तिसरं म्हणजे भाजी तिप्पट झाली म्हणून तेल तिप्पट नको. फोडणी तेवढीच ठेवा, दोन-तीन चमचे तेलाची, आणि भाजी वाफेवर शिजवा: कढईवर खोलगट झाकण, झाकणावर पाणी, मंद आच. भाजी कोरडी वाटली तर ते झाकणावरचं गरम पाणीच आत घालायचं. आज्या हे करायच्याच, आपण घाईत मोठ्या आचेवर तेलात परततो.

कोबीचं उदाहरण देते. पाऊण किलो कोबी, फार बारीक नको, जरा जाडसर चिरा म्हणजे लगदा होत नाही. तासभर भिजवलेली पाव वाटी हरभरा डाळ. फोडणीत मोहरी, हिंग, हळद, दोन-तीन हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, मग आधी डाळ घालून दोन मिनिटं, मग कोबी, झाकणावर पाणी ठेवून आठ-दहा मिनिटं. मीठ शेवटी, कारण कोबी बसल्यावरच कळतं किती लागणार. उतरवल्यावर ओलं खोबरं, कोथिंबीर आणि लिंबू पिळायचं. हे लिंबू महत्त्वाचं, मीठ कमी असलं तरी चव उठून येते.

दोडका, घोसाळी, पडवळ, दुधी, फरसबी, गवार, भेंडी, वांगं, फ्लॉवर, सगळ्या पालेभाज्या, हे सगळं भरपूर खा. अळूचं फदफदं तर या कामासाठीच जन्माला आलंय, डाळ आहे, दाणे आहेत, नुसतं वाटीने प्यावं. बटाटा, रताळं, सुरण, अरवी या भाज्या नाहीत, त्या भाताच्या रांगेत बसवायच्या. १०० ग्रॅम बटाट्यात १७ ते २० ग्रॅम कार्ब्ज असतात, तेव्हा पोळी आणि बटाट्याची भाजी म्हणजे पोळीबरोबर पोळीच.

भाजी चिरण्यात वेळ जातो हे खरं आहे, खोटं कशाला बोलू. मी रविवारी दोन-तीन प्रकार चिरून डब्यांत कागद घालून ठेवते, नवरा सिरियल बघत पालेभाजी निवडतो. खर्चही वाढतो थोडा. पण तांदूळ आणि गहू कमी लागतात, बिस्किटं-खारी बंद होते, मला तरी महिन्याच्या हिशोबात फार फरक दिसला नाही.

पायरी ५: डाळ घट्ट करा

"आम्ही रोज वरण खातो म्हणजे प्रोटीन मिळतं" हे मी पण म्हणायचे. आमच्या वरणात माणशी १५-२० ग्रॅम डाळ होती, बाकी पाणी. १०० ग्रॅम तुरीच्या डाळीत २२ ग्रॅम प्रोटीन म्हटलं तर आमच्या वाटीत ४ ग्रॅम. आपल्याला लागतं किती, तर निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम असं आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था सांगते, ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. पोळ्या कमी करताना ही जागा भरली नाही तर चार वाजता भूक लागते आणि मग चिवड्याचा डबा उघडला जातो.

डाळीत कार्ब्जही असतात हे लपवायला नको, निम्म्याहून जास्त वजन त्याचंच. पण सोबत प्रोटीन आणि फायबर येतं त्यामुळे ते सावकाश पचतं. माणशी ४० ग्रॅम कोरडी मटकी किंवा मूग धरा, त्यात साधारण ९ ग्रॅम प्रोटीन आणि २० च्या वर कार्ब्ज, आणि मग त्या जेवणात पोळी एकच.

उसळीचं माझं वेळापत्रक: शनिवारी रात्री मटकी भिजत, रविवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून चाळणीत, वर झाकण. डोंबिवलीच्या उकाड्यात रात्रीपर्यंत मोड येतात, थंडीत दुसरा दिवस लागतो. मोड आले की डब्यात भरून फ्रीजमध्ये, तीन दिवस छान राहते. उसळ करताना कांदा दुप्पट, टोमॅटो, गोडा मसाला, दाण्याचं कूट दोन चमचे, आणि रस्सा अंगाबरोबर. चमच्याने खायची. वर कच्चा कांदा-कोथिंबीर, फरसाण नाही. मिसळ म्हणा ना तिला, पावाशिवायची.

अंडी खात असाल तर काम फार सोपं आहे, एका अंड्यात ६ ग्रॅम प्रोटीन आणि कार्ब्ज नावाला. मासे, चिकनचंही तेच. फक्त मासे तळताना रवा नका लावू, बांगड्याला हळद, मीठ, तिखट, आगळ लावून तव्यावर थोड्या तेलात भाजा, रव्याशिवाय तो जास्त बांगड्यासारखा लागतो हे सासूबाईंनीही मान्य केलंय. चिकनच्या रश्श्यात बटाटा नको. शाकाहारी लोकांना दही, ताक, पनीर, दाणे, डाळी, सोयाबीनच्या वड्या. दाण्यांवर मात्र हात सैल सोडू नका, १०० ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. छोटी मूठ, ३० ग्रॅम.

पिठल्याचं वेगळं सांगते. बेसन म्हणजे हरभऱ्याचं पीठ, १०० ग्रॅमला २० च्या वर प्रोटीन, एका माणसाच्या पिठल्याला २५ ग्रॅम बेसन पुरतं. पातळसर करा, कांदा-लसूण-कोथिंबीर भरपूर, आणि अर्ध्या भाकरीबरोबर वाटीभर खा. थकून आल्यावर पंधरा मिनिटांत होणारं याहून चांगलं जेवण मला माहीत नाही.

भाकरीचं काय?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो म्हणून मधेच सांगते. "पोळी सोडली, ज्वारीची भाकरी खाते, तरी शुगर कमी होत नाही." बाई, ज्वारी, बाजरी, नाचणी सगळ्यांच्या १०० ग्रॅम पिठात ६० ते ७२ ग्रॅम कार्ब्ज आहेत, गव्हाएवढेच जवळपास. आणि एका भाकरीला पीठ किती लागतं? मी माझ्या आईची भाकरी मोजली, ६० ग्रॅम पीठ. म्हणजे एक भाकरी बरोबर दोन पोळ्या. दोन पोळ्या सोडून दोन भाकऱ्या खाल्ल्या तर कार्ब्ज दुप्पट झाले ना.

भाकरी वाईट नाही. फायबर बरं असतं, बाजरीत लोह, नाचणीत कॅल्शियम, शाळू ज्वारीच्या ताज्या भाकरीची चव तर काय सांगावी. पण मोजून, अर्धी. आयसीएमआरच्या डायबेटिसवरच्या देशभरच्या इंडियाब सर्व्हेचा २०२५ मध्ये जो अभ्यास आला त्यात हेच दिसलं, आपण सरासरी ६२ टक्के कॅलरी कार्ब्जमधून घेतो, आणि नुसता भात बदलून गहू किंवा ज्वारी-बाजरी आणली, प्रमाण तेवढंच ठेवलं, तर डायबेटिसचा धोका कमी होताना दिसत नाही. काही भाग काढून तिथे डाळ किंवा दूध-दह्याचं प्रोटीन आणलं तर दिसतो. मल्टिग्रेन आटा, डायबेटिक आटा, ब्राऊन ब्रेड यांनाही हाच हिशोब लावा. पाकिटाच्या मागे कार्बोहायड्रेटचा आकडा असतो तो वाचा, पुढचं हिरवं पान बघू नका. कुकरऐवजी पातेल्यात भात करून पेज काढली, किंवा रात्रीचा गार भात सकाळी खाल्ला तर थोडा फरक पडतो, पण तो इतका नाही की त्या भरवशावर दोन डाव जास्त घ्यावेत.

पायरी ६: नाश्ता

पोहे, उपमा, इडली, साबुदाणा खिचडी, शिरा, आपला नाश्ता म्हणजे नुसतं पिठूळ. यातले पोहे मी पूर्ण सोडलेले नाहीत, आठवड्यातून एकदा करते, पण कोरडे पोहे माणशी ३० ग्रॅम आणि त्यात मटार, कांदा, कोबी, दाणे मिळून पोह्यांहून जास्त. बटाटा नाही. नावाला पोहे, खरं म्हणजे भाजी.

बाकी दिवस अंडी किंवा मुगाची धिरडी. धिरड्याचं नीट सांगते कारण पहिल्यांदा माझी सगळी तव्याला चिकटली होती. एक वाटी हिरवे मूग रात्रभर भिजवायचे, सकाळी पाणी काढून मिरची, आलं, लसूण, जिरं घालून मिक्सरला लावायचे, पाणी बेताचं, पीठ इडलीच्या पिठाइतकं दाट. तांदूळ घालू नका, सगळ्या रेसिपीत "कुरकुरीत होण्यासाठी" मूठभर तांदूळ असतो तो आपल्याला नकोय. बिडाचा तवा चांगला तापवून, कांदा अर्धा कापून त्याचं तोंड तेलात बुडवून तव्यावर फिरवायचं, मग पळीने पीठ घालून हलक्या हाताने पसरवायचं आणि झाकण. कडा सुटल्याशिवाय उलथनं लावायचं नाही, मी घाई करत होते तीच चूक. वाटीभर मुगाची सहा होतात, दोन खाल्ली की साधारण ४० ग्रॅम मूग पोटात जातात. बरोबर दह्यातली चटणी, कारळाची किंवा जवसाची.

भाजणीचं थालीपीठ आवडत असेल तर पुढच्या वेळी भाजणी दळताना तांदूळ निम्मे करा आणि हरभरा डाळ, उडीद डाळ वाढवा. पिठात किसलेला दुधी किंवा मेथी एवढी घाला की पीठ फक्त बांधायला उरेल.

पायरी ७: डबा, उपास आणि सण

डब्यात सगळ्यात मोठा कप्पा पोळ्यांचा असतो, तिथे भाजी किंवा उसळ भरा आणि पोळीला छोटा कप्पा द्या. हसू नका, नुसत्या या अदलाबदलीने माझ्या तीन पोळ्यांची एक झाली कारण जास्त बसतच नाही. पहिल्या दिवशी ऑफिसात मैत्रिणींनी विचारलं पोळ्या विसरलीस का. आता त्यातल्या दोघी असाच डबा आणतात.

उपासाला आपल्याकडे म्हणतातच, एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे, १०० ग्रॅमला ८७ ग्रॅम कार्ब्ज आणि प्रोटीन शून्याच्या घरात, वर त्यात बटाटा. वरी आणि राजगिरा थोडे बरे पण तेही धान्यासारखेच मोजायचे. मी उपासाला दाण्याची आमटी वाटीभर, त्यात वरीचा छोटा डाव, काकडीची दाण्याचं कूट घातलेली खमंग कोशिंबीर, दह्यातलं लाल भोपळ्याचं भरीत आणि ताक असं करते. देवाची काही तक्रार आलेली नाही.

सणाला खा. होळीला पुरणपोळी खायची, गणपतीत मोदक खायचे, फक्त त्या दिवशी त्याच पानात भात, बटाट्याची भाजी आणि भजी हे बाकी सगळं नको. मी दोन पुरणपोळ्या दूध-तूप घालून, कटाची आमटी, कोशिंबीर, बस. आणि श्रीखंड-पुरी दुसऱ्या दिवशी "उरलंय म्हणून" नाही. माझं पान सणापेक्षा सणाच्या दुसऱ्या दिवशी जास्त बिघडायचं.

२०१८ च्या सुमारास घराघरात डॉ. जगन्नाथ दीक्षित की आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर असे दोन पक्ष पडले होते ते आठवत असेल, दिवसात दोनदाच जेवायचं की थोडं थोडं सारखं खायचं. मला विचाराल तर किती वेळा यापेक्षा ताटात काय हे आधी ठरवा. प्रोटीन आणि भाजी वाढली की मधली भूक आपोआप कमी झाली, मला वेगळं ठरवावं लागलं नाही.

पहिले पंधरा दिवस काय होतं

पहिल्या आठवड्यात वजन दीड किलो उतरलं, मी खूश. ते पाणी असतं. शरीरात साठवलेला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरला जातो आणि त्याच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणी जातं, चरबी एवढ्या लवकर जात नाही. पाण्याबरोबर मीठही जातं म्हणून डोकं दुखतं, गळून गेल्यासारखं होतं. बीपीचा त्रास नसेल तर मीठ-जिऱ्याचं ताक दोन ग्लास, बीपी असेल तर डॉक्टरांना विचारून. पोट साफ होत नसेल तर भाज्या वाढवल्यात पण पाणी वाढवलं नाहीये असं समजा. आणि पाचव्या-सहाव्या दिवशी भाताची जी ओढ लागते ती भयंकर असते, कुकरची शिट्टी ऐकून मला भरून यायचं. तेव्हा एक मूद खाऊन टाका.

ग्लुकोमीटर घरात असेल तर एक प्रयोग जरूर करा. जेवायच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. एक दिवस नेहमीचं ताट, दुसऱ्या दिवशी उलटं ताट. माझ्या नवऱ्याला मी महिनाभर समजावत होते, त्याला स्वतःचे दोन आकडे शेजारी शेजारी दिसल्यावर दोन मिनिटांत पटलं. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललात तर तोही फरक मीटरवर दिसतो. एचबीएवनसी मात्र लगेच करू नका, ते साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतं, आधी केलं तर उगाच निराशा. माझं साडेतीन महिन्यांनी ५.८ आलं.

आता राहिलं घरातल्या बाकीच्यांचं. मुलाला मी काही कमी केलेलं नाही, तो बारावीत आहे, त्याला तीन पोळ्या लागतात आणि त्या मिळतात. स्वयंपाक एकच होतो, वाढताना ज्याचं त्याचं. सासूबाई ७६ वर्षांच्या, त्यांना मी फक्त भाजी आधी वाढते, बाकी बोलत नाही. अडचण एकच होती, भात रोज उरायचा, कारण तांदळाच्या डब्यात जी वाटी आहे ती चौघांच्या जुन्या मापाची आणि हात सवयीने तीच भरून घेणार. म्हणून मी ती वाटी काढून छोटी ठेवली. दोन दिवसांनी डब्यात परत मोठी वाटी होती. मी काही बोलले नाही, परत छोटी ठेवली. सध्या डब्यात दोन्ही वाट्या आहेत, आणि स्वयंपाकाला आधी उठेल तिची चालते.